पर्सवाले काका आणि ताशी 4 किलोमीटर

12 मिनिटांच्या उशिरासाठी अख्ख्या तासाचं जादा भाडं भरून मी आत्ताच परतलोय. पँट बसायच्या जागी अजून ओली आहे. तेव्हा या लेखात कुणी समतोल वगैरे शोधू नये.

झालं ते एवढंच. तलावाच्या काठाकाठाने खडकांचे कडे आहेत, पाण्याने पोखरलेली एक गुहा आहे, पुढे एक कमान आहे, आणि हे सगळं पाण्यावरून बघण्यात काही औरच मजा आहे असं फलकावर लिहिलं होतं. मला मजा हवी होती. मी 2 तासांसाठी कायक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, भाड्याने घ्यायला रांगेत उभा राहिलो.

"वजन?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. नाव विचारण्याच्याही आधी.

माझ्या मागे रांगेत 6 माणसं. मी हळू आवाजात एक आकडा सांगितला. तो खोटा नव्हता, जुना होता. मुलाने मान वर करून मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग उलट दिशेने पुन्हा एकदा, आणि म्हणाला, "काका, आत्ताचं सांगा."

काका! एका वाक्यात दोन ठिकाणी मार. मी सावरून काही बोलणार एवढ्यात बाजूच्या बाकावरून आवाज आला, "शंभरच्या आसपास धरा हो. मी बघतोय मघापासून."

बाकावर एक साठीचे गृहस्थ बसले होते. मांडीवर बायकांची लाल पर्स, तिचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. त्यांची बायको आणि मुलगा दोघांच्या कायकमधून आधीच पुढे गेले होते आणि पर्स सांभाळण्याची जबाबदारी यांच्यावर आली होती. ती जबाबदारी त्यांना पुरत नव्हती, हे पुढच्या 2 तासांत सिद्ध झालं.

शंभर नाही हो! ब्याण्णव. पण एकदा चारचौघांत शंभर उच्चारल्यावर ब्याण्णव म्हणणारा माणूस घासाघीस करतोय असंच वाटतं. मुलाने कागदावर 100 लिहिलं आणि मला एक रुंद, पसरट, पिवळी होडी नेमून दिली. चिखलात बसलेली म्हैस डोळ्यांसमोर आणा. बाकीच्यांना मिळालेल्या सुरीसारख्या सडपातळ निळ्या होड्यांकडे मी पाहिलं आणि गप्प बसलो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला तेव्हापासून खातेय. कायक मूळची आर्क्टिकमधल्या इन्यूट शिकाऱ्यांची. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर शिवलेलं सीलचं कातडं. आणि मापं? बनवणाऱ्याच्या अंगाची! दोन्ही हात पसरून जेवढी लांबी भरेल त्याच्या साधारण तिप्पट होडी लांब, आणि बसायच्या जागी रुंदी म्हणजे त्याच्या कमरेची रुंदी अधिक दोन मुठी. म्हणजे शिंप्याकडे सदरा शिवावा तशी माणसाच्या बेताने होडी शिवली जायची. त्या बर्फात कुणी कुणाला "आत्ताचं सांगा" म्हटलं नसणार. होडी बसली नाही तर दोष होडीचा.

मग लाइफ जॅकेट. ते आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने किंवा तलावाने, कशाने ते विचारलं नाही, ओलं होतं. मुलाने पट्टे आवळले आणि दोन्ही खांदे धरून मला मांजरीच्या पिल्लासारखं वर उचलून पाहिलं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकत नाही ना हे तपासायची ती पद्धतच आहे, आणि योग्यच आहे. पण पिल्लू ब्याण्णव किलोचं असलं की बघणाऱ्यांची करमणूक होते.

"होडीला भोकं आहेत!" पर्सवाले काका उठून उभे राहिले होते. "अहो, बुडाला आरपार भोकं आहेत! यांना सांगा कुणीतरी!"

ती भोकं असतातच. वरती उघड्यावर बसायच्या या प्रकारात आत आलेलं पाणी निथळून जावं म्हणून ती मुद्दाम ठेवतात, आणि होडीचं बंद पोकळ अंग तरंगत राहतं. हे मुलाने समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाले, "त्यांना तसं सांगावंच लागतं." एक मात्र खरं. ज्या भोकातून पाणी खाली जातं त्याच भोकातून ते वरही येतं, आणि वर बसलेला माणूस जितका जड तितकं ते उत्साहाने येतं. दहाव्या मिनिटाला माझी बैठक गार पडली होती.

आता मुख्य प्रसंग. कायकचा आरामात वल्हवण्याचा वेग ताशी 4-5 किलोमीटर असतो. माणसाचा पायी चालण्याचा वेगही साधारण तेवढाच. हा योगायोग माझ्या आयुष्यात याआधी कधी महत्त्वाचा ठरला नव्हता. तलावाच्या काठाला लागूनच पायवाट होती. मी धक्का सोडला, चार वल्ही मारली, निसर्गाकडे पाहिलं. निसर्गाच्या जागी पायवाटेवरून माझ्या बरोबरीने, पर्स काखेत मारून, काका चालत होते.

"म्हटलं बसून तरी काय करायचं," ते म्हणाले. "तुम्ही एकटेच आहात. सोबत होईल."

मी एकटा होतो ते एकटा असावं म्हणून. पण पाण्यात बसलेल्या माणसाला काठावरच्या माणसासमोर दार लावून घेता येत नाही. मी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. मी दमून थांबलो. ते थांबले, आणि म्हणाले, "घाई नाही, सावकाश होऊ द्या."

"तुम्ही का नाही गेलात होडीतून?" मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

"मला पाण्याची भीती नाही हो. होडीवर विश्वास नाही." मग पुढे, "पण तंत्र सगळं माहितीय. तुमचं वल्हं उलटं आहे."

मी वल्हं पाहिलं. उलटंच होतं. पात्याचा पोकळ भाग पुढे. हे मला आजवर कुणी माफ केलेलं नाही, मी स्वतःही नाही, कारण त्या एका बरोबर निघालेल्या वाक्यामुळे काकांना पुढच्या सगळ्या चुकीच्या वाक्यांचा परवाना मिळाला.

दुपारचे 3 वाजले होते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि तलावावरची गार हवा काठाकडे धावते. म्हणून जाणकार लोक सकाळीच वल्हवून घेतात. सकाळी मी झोपलो होतो. तर वारा तलावाकडून, पाठीमागून तिरका येत होता, आणि चालती कायक अशा वेळी आपलं नाक वाऱ्याकडे फिरवते. पुढचं टोक पाण्यात रुतून धरलेलं असतं, मागचं मोकळं, त्यामुळे वारा शेपूट ढकलतो आणि होडी देवळाच्या दारातल्या गाईसारखी हट्टाने तोंड वळवते. माझ्या होडीचं तोंड सतत तलावाच्या मध्याकडे. काठावरचे कडे बघायला मला मान मागे वळवावी लागे, मान वळवली की अंग कले, अंग कललं की भोकांतून तलाव वर येई.

"इकडे या, इकडे! लांब चाललात!" काका ओरडले. "उजवीकडे यायचंय ना? मग उजवीकडे मारा!"

आता हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतंय की उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे वळते. मलाही कळतं. पण ओरडून सांगितलेल्या सूचनेत एक जादू असते, हात आधी ऐकतो. मी उजवीकडे मारलं. होडी आणखी डावीकडे गेली.

"जोरात!"

मी जोरात मारलं.

"अहो, उजवीकडे म्हणतोय मी!"

"उजवीकडेच मारतोय!"

"मग तुमची होडी बिघडलीय. भोकांमुळे."

हा संवाद 20 मिनिटं चालला. अतिशयोक्ती करत नाही, शेवटी घड्याळ लावूनच पैसे घेतात. मधल्या काळात माझ्या जवळून एक मुलगी निळ्या होडीतून गेली. वय 10 असेल. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, मोठी माणसं आजाऱ्याला बघून हलवतात तशी.

2017 साली अलेक्झांडर दोबा नावाच्या पोलंडच्या गृहस्थांनी वयाच्या सत्तरीत एकट्याने, कायकमधून, अटलांटिक महासागर पार केला. तोही तिसऱ्यांदा. त्यांचं कौतुक आहेच. पण अटलांटिकला काठालगत पायवाट नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

गुहा आली तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून होतो. "वा!" काका म्हणाले. "बघा, बघा, आत उजेड कसा पडलाय!" मी वळेपर्यंत गुहा मागे गेली होती. कमानीचंही तसंच झालं. तिच्या ऐन समोर असताना मी फोटो काढायला प्लास्टिकच्या पिशवीतला फोन उचलला. ओल्या बोटाला पिशवीआडून फोन दाद देईना. शेवटी एक फोटो निघाला तो माझ्या डाव्या गुडघ्याचा. फोटो चांगला आहे. गुडघा स्पष्ट आला आहे.

"सुंदर, सुंदर," काठावरून काका म्हणत होते. त्यांनी पर्स गळ्यात अडकवली होती आणि दोन्ही हातांनी फोटो काढत होते.

परतीचं फार सांगत नाही. जाताना ज्या वाऱ्याने ढकललं त्यानेच येताना तोंडावर हात ठेवला. वाऱ्याविरुद्ध आधी जावं आणि त्याच्यासोबत परत यावं, हा साधा नियम भाडं घेताना कुणीच सांगत नाही. फॉर्मवर 14 कलमं होती. वल्हं हरवलं तर काय, होडीला ओरखडा गेला तर काय, चप्पल बुडाली तर आमची जबाबदारी नाही. वाऱ्याबद्दल अक्षर नाही. वजन विचारायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हे एक वाक्य सांगून झालं असतं. मला खरंच राग आलाय तो याचा. हसून घेतो, पण हात अजून खांद्याच्या वर जात नाहीत, आणि माझ्याजागी एखादा खरोखर कच्चा माणूस असता, किंवा वारा आणखी थोडा वाढला असता, तर हा लेख विनोदी सदरात आला नसता.

काका मात्र परतीलाही सोबत होते. माझा वेग त्यांच्या निम्म्यावर आल्यामुळे ते पुढे जाऊन एकेका दगडावर बसत, मी जवळ आलो की उठत, पुढच्या दगडावर जाऊन बसत. बसलेले असताना टाळ्या वाजवत. एकदा म्हणाले, "उतरून चालत का येत नाही?" त्या क्षणी मला ती कल्पना इतकी पटली की मी त्यांचा द्वेष करणं काही काळ थांबवलं.

धक्क्यावर पोचलो. दोन्ही पाय बधिर. होडीतून उठण्याचं वर्णन मी करणार नाही, ते बघणारे पुष्कळ होते, त्यांना विचारा. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ पाहिलं.

"काका, 10 मिनिटं जास्त झाली. 10 मिनिटांपर्यंत चालतं, पण पुढे पूर्ण तास लागतो..." तो जरा घुटमळला. पोरगा मनाने वाईट नव्हता. सोडून देण्याच्या बेतात होता, मला दिसत होतं.

"12," पर्सवाले काका म्हणाले. "मी निघतानाच वेळ बघून ठेवली होती. 12 झाली."

1932 साली ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन तरुण घडीच्या कायकमधून निघाला आणि डॅन्यूब नदीपासून वल्हवत 7 वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. किनाऱ्यावर त्याचं अभिनंदन केलं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडून नेलं. त्याला काय वाटलं असेल ते मला त्या काउंटरपाशी कळलं. पैसे मोजताना मी पाण्याकडे बघतही नव्हतो.

एवढ्यात काकांची बायको आणि मुलगा येऊन पोचले. भिजलेले, लाल झालेले, एकमेकांशी न बोलणारे. बाईंनी पर्स हिसकावून घेतली, उघडून आतलं सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं.

"काय करत होता एवढा वेळ? कंटाळला असाल."

"छे गं," काका म्हणाले. "सगळा काठ बघितला. ती गुहा, काय उजेड! कमान तर अशी..." आणि ते तिला फोनवर एकेक फोटो दाखवायला लागले. बाई बघत राहिल्या. त्यांनीही यातलं काही पाहिलेलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मीही मान पुढे काढून बघत होतो. खरंच, काय सुंदर आहे हो ती कमान. खालून पाणी हिरवं दिसतं.

"तुम्हालाही पाठवतो," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "नंबर द्या."

दिला. काय करणार?

आत्ता 41 फोटो आलेत. 29 फोटोंत गुहा, कडे आणि कमान. उरलेल्या 12 फोटोंत मी आहे, आणि बाराही फोटोंत माझी पाठ.