पेनड्राईव्ह फॉरमॅट होत नाय? मग घाई कराच

सगळ्यात आधी मुहूर्त. पेनड्राईव्ह फॉरमॅट करायचा तर गणपतीच्या आदल्या रात्रीच, माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची चौकट, बांधायची राहिलीय, चाकरमानी पोचलेत आणि कोणीतरी ओरडतंय की स्पीकरसाठी आरत्या-भजनं भरलीस काय रे. तोवर वर्षभर तो ड्रॉवरात आंब्याच्या हिशोबाच्या वहीखाली, संपलेल्या सेलांच्या शेजारी पडलेला बरा.

आता लावा. उघडेल. आतले फोटो सगळे दिसतील, आजीचे, पाडलेल्या जुन्या घराचे, व्हिडिओसुद्धा चालतील. तिकडे अजिबात बघू नका, आपल्याला फॉरमॅट करायचंय. राईट क्लिक, फॉरमॅट, आणि विंडोज म्हणेल डिस्क इज राईट प्रोटेक्टेड, म्हणजे हिच्यावर काय लिहिता-पुसता येणार नाय. परत करा. बाजूला लॉकचं बारकं बटण आहे का बघा, काहींना असतं, तुमच्याला नसेल. परत करा.

नाहीच झाला तर घरात तज्ज्ञ आहेत. आमची काकी म्हणाली, "दर्याचो वारो लागलो असतलो, तांदळात ठेय, बरो होतलो." ठेवला रात्रभर उकड्या तांदळाच्या डब्यात. आता खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पट्ट्या खराब होतात हे खरंय, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून सुकवल्या की बऱ्याचदा काम होतं हेही खरंय, पण पट्ट्या गेल्या असत्या तर तो दिसलाच नसता नाहीतर लागतो-सुटतो करत बसला असता, इथे आजी फोटोत मस्त हसतेय. पण काकीला हे सांगणार कोण.

मग गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ह्या पेनड्रायवाक जा काय वायट-वाकडा लागला असात ता दूर कर रे म्हाराजा!" मागे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं, नायतर गुण येत नाय.

एवढ्यात एखादा कॉलेजात जाणारा भाचा तोंड घालेल की मामा, फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, खराब ब्लॉकच्या जागी वापरायचे राखीव ब्लॉक संपले की बऱ्याच पेनड्राईव्हचा कंट्रोलर, म्हणजे आतली कारभारी चिप, स्वतःच लिहिणं बंद करतो आणि वाचणं तेवढं चालू ठेवतो, म्हणजे तो सांगतोय की अजून जीव आहे तोवर सामान काढून घ्या. कॉपी करायला दहा मिनिटं लागतील म्हणे. अशा पोरांना ताबडतोब माटवी बांधायला पाठवा.

आता खरं शस्त्र, डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाईप करून डिस्क हाताळायची विंडोजमधलीच सोय. काळी खिडकी उघडली की घरात तुमची पत वाढते. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, मग अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. तो म्हणेल क्लिअर झालं, आणि पेनड्राईव्ह जैसे थे, कारण आडमुठेपणा विंडोजचा नाहीच, आतल्या कंट्रोलरचा आहे. तरी पुढे जा आणि क्लीन टाईप करा, म्हणजे निवडलेली डिस्क रिकामी. ही कमांड हो-नाही काय विचारत नाय, फार गुणी. लिस्टमध्ये डिस्कचं नाव नसतं, साईझवरूनच ओळखायची, पण रात्री एक वाजता साईझ कोण वाचतो. मी डिस्क 1 निवडली. डिस्क 1 म्हणजे बॅकअपची एक्स्टर्नल हार्डडिस्क होती, पेनड्राईव्ह डिस्क 2 होता. तेवढ्यात लाईट गेली, पण क्लीन झालं होतं हो, एका सेकंदात.

आणि हां, फॉरमॅट झालाच असता तरी भजनाचा स्पीकर फक्त फॅट32, म्हणजे फाईली मांडून ठेवायची एक जुनी पद्धत, तेवढीच वाचतो, विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्यायच येत नाय, आणि फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाय, म्हणजे रात्रभराच्या दशावताराचं रेकॉर्डिंग बाहेरच.

अनंत चतुर्दशीपर्यंत तो पेनड्राईव्ह दिसायचाच बंद झाला. आजी, जुनं घर, सगळं घेऊन.

पण काळजी नको. मुंबईच्या चुलतभावाने ट्रेनमध्ये घेतलेला नवीन दिलाय, 2 टीबीचा, फक्त 300 रुपयांत. भाचा म्हणतो असल्यांचा कंट्रोलर साईझ खोटी सांगतो, आत थोडेच जीबी असतात, पूर्ण भरून परत वाचून बघ. त्याला काय कळतंय. पहिल्या झटक्यात फॉरमॅट झाला! फोनमधले ह्या गणपतीचे सगळे फोटो त्यात टाकले आणि फोन रिकामा केला. फाईलींची नावं तर सगळी दिसतायत.