सव्वा गुंठ्याचा कायदेशीर प्लॉट

छत्रपती संभाजीनगरात गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमीन मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकून उभ्या राहिलेल्या वस्त्यांचा, विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, अनधिकृत वस्त्यांनी शहराची वाट लावली, पाडा. दुसरा म्हणतो, गरिबांची घरं आहेत, पैसे भरून घ्या आणि नियमित करा. दोघंही घर उभं राहिल्यानंतरचं बोलतात. त्या माणसाला कायदेशीर प्लॉट आधीच का मिळाला नाही, हा प्रश्न मागे राहतो. मी ह्यूस्टनला राहतो, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो.

वाळूजच्या कंपनीतल्या कामगाराला गुंठा-सव्वा गुंठाच झेपतो. ठरावीक आकाराहून लहान तुकडा विकू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेताच्या चिंधड्या होऊ नयेत म्हणून आला. पण शहर शिवारात शिरलं तरी त्याची आडकाठी तशीच राहिली. रीतसर ले-आउट करायचा तर एन.ए. (बिगरशेती परवानगी), मोजणी, मंजुरी, आणि त्यात गेलेल्या काळाचं व्याज प्लॉटच्या भावात चढतं. मग माणूस बॉण्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर, प्लॉट घेतो. रजिस्ट्री नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. उसनवारी आणि चढं व्याज. पाइपलाइन नाही म्हणून टँकर. शहरालगतच्या सातारा-देवळाईत लोकांनी टँकरवर किती वर्षं काढली! या घरांना स्वस्त म्हणणाऱ्यांनी एकदा पाण्याचा आणि व्याजाचा हिशेब मांडावा.

२००१ चा गुंठेवारी कायदा, २०२१ ची दुरुस्ती, २०२५ मध्ये शहरी भागात तुकडेबंदीला दिलेली सवलत, सगळ्यांचा रोख झालेलं पदरात घेण्यावर. उद्याच्या घराचं काय?

अमेरिकेतही नियमांनी घरं महाग केली आहेत, फक्त वेगळ्या वाटेने. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत निवासी जमिनीपैकी सुमारे ९४ टक्के जमीन ‘एका प्लॉटवर एकच घर’ या नियमाखाली होती. तिथे नियम मोडता येत नाही, म्हणून घर उभंच राहत नाही आणि चांगला पगारदारही भाड्यात पिचतो. २०२२ पासून राज्याने एका प्लॉटवर दोन घरं आणि प्लॉटची विभागणी मान्य केली, पण फार उशिरा.

ह्यूस्टनला झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारा नियम, नाही. तरी किमान प्लॉट ५,००० चौरस फुटांचा असा दंडक होता. १९९८ मध्ये शहराच्या मध्य भागात तो १,४०० वर आणला, म्हणजे जवळपास सव्वा गुंठा. २०१३ मध्ये ही मुभा पुढे बाहेरच्या भागांतही नेली. जुन्या एका घराच्या जागी तीन-तीन अरुंद, उंच घरं आली, प्रत्येकाला स्वतःची रजिस्ट्री, बँकेचं कर्ज, ड्रेनेज.

म्हणून सगळेच नियम गुंडाळा, असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या हार्वे वादळात इथल्या धरणांच्या पाणसाठ्याच्या हद्दीत बांधलेली हजारो घरं बुडाली. संभाजीनगरातल्या खाम नदीच्या पात्रात कुणालाही बांधू देऊ नये, तिथे कडकच राहावं. पण कोरड्या, चढावरच्या जमिनीवर छोटा प्लॉट हा गुन्हा का असावा?

सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने १९७० च्या दशकापासून संभाजीनगरातच आधी आखणी केली, मग छोटी छोटी घरं दिली. एन-सेक्टरमधल्या त्या घरांत कामगारांच्या दोन पिढ्या वाढल्या. शहराबाहेर शेंद्र्याकडच्या शिवारात अजून कापूस आणि तूर आहे. रस्ते, जलवाहिनी आणि ड्रेनेजच्या रेषा तिथे आजच आखा, आणि गुंठ्याच्या प्लॉटची रजिस्ट्री पहिल्या विक्रीपासूनच होऊ द्या.