आपण झोन एक्समध्ये, आपल्याला काय होतंय!

नेब्रास्कातल्या ओमाहाच्या अपार्टमेंटचं भाडं भरून भरून वैतागलात, आणि आता मिसुरी नदीपलीकडे आयोवा राज्यातल्या फ्रीमाँट काउंटीत दोन एकर जागा सापडलीय, लाकडी घर, मागे कोठार, समोर नजर जाईल तिथपर्यंत मका, आणि किंमत बघून तुम्ही चष्मा दोनदा पुसलात. घेऊन टाका! एवढं स्वस्त कसं काय, असले प्रश्न एजंटला विचारायचे नसतात, बरं दिसत नाही ते. फारच राहवलं नाही तर मिसुरी नदी इथून किती लांब एवढं विचारा, तो म्हणेल 'दिसत पण नाही इथून', आणि ते शंभर टक्के खरं आहे, नाहीच दिसत, मध्ये लेव्ही आहे ना. लेव्ही म्हणजे आपला मातीचा बांध हो, फक्त मैलोन्मैल लांब. जुन्या लोकांची घरं मात्र पूर्वेकडच्या लोएस टेकड्यांवर आहेत, त्यांना बहुतेक वाऱ्याची हौस असणार.

आता पहिलं काम, फेमाचा, म्हणजे आपत्तीचं काम बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याचा, पुराचा नकाशा उघडायचा. घर ए किंवा एई झोनमध्ये, म्हणजे पुराच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात असेल आणि बँकेचं कर्ज असेल तर पूर विमा सक्तीचा, १९७३ च्या कायद्यापासून ही कटकट आहे. पण लेव्ही फेमाच्या निकषात बसली की तिच्यामागची जमीन झोन एक्स होते, आणि झोन एक्समध्ये सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे धोका नाही, एवढं साधं गणित आहे. तरी नशीब खोटं निघून धोक्याच्या पट्ट्याची रेघ नेमकी घरावरूनच गेली असेल तर घाबरायचं नाही, सर्व्हेअर बोलवायचा, घराभोवतीच्या जमिनीची उंची मोजून घ्यायची आणि फेमाला कळवायचं की आम्ही पुराच्या पातळीच्या वर आहोत, आम्हाला नकाशातून वगळा. मंजूर झालं की विम्याचा हप्ता वाचला. त्या पैशात अंगणात मस्त बार्बेक्यू ग्रिल येतो.

शेजारी कोणी 'हंड्रेड इयर फ्लड' म्हणालं तर मनातल्या मनात हिशोब करा. मोठा पूर १९९३ ला आला, २०११ ला आला, २०१९ ला आला, म्हणजे तीनशे वर्षांचा कोटा आगाऊच भरून झालाय, आता तेवीसशे एकोणीसपर्यंत पाय पसरून झोपा. काही चिकित्सक मंडळी सांगत बसतात की शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांच्या कर्जात ती साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारातला एक. असल्या लोकांना जेवायला बोलवायचं नाही.

बांधावर विश्वास कसा ठेवावा हे मात्र हॅम्बर्ग गावाकडून शिकण्यासारखं आहे, तुमच्या नव्या घरापासून जवळच आहे, याच काउंटीत. २०११ मध्ये मिसुरीवरच्याच, वरच्या अंगाच्या गॅव्हिन्स पॉइंट धरणातून १ लाख ६० हजार क्युसेक पाणी सोडत होते आणि तेही एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. तेव्हा घाईघाईत हॅम्बर्गचा बांध सुमारे आठ फुटांनी उंच केला आणि गाव वाचलं. आता तुम्हाआम्हाला वाटेल की वाचलं ना, मग राहू द्या की बांध तसाच. पण नाही! आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा, म्हणजे धरणं आणि लेव्ह्या सांभाळणाऱ्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याचा, नियम असा की ती वाढवलेली उंची तात्पुरती, एकतर तो बांध आमच्या निकषाप्रमाणे पक्का करा नाहीतर वरची माती काढा. पक्का करायचा खर्च ५० लाख डॉलरच्या वर, आणि गावात माणसं किती, तर २०१० च्या जनगणनेत १,१८७. गावाने पैसे जमवायची खटपट केली, जमले नाहीत, मग आठ फूट माती उतरवली, नियमाप्रमाणे, अगदी व्यवस्थित. मार्च २०१९ मध्ये पाणी आलं ते त्या उतरवलेल्या बांधावरून आलं आणि जवळपास दोन तृतीयांश गाव पाण्यात गेलं. त्यानंतर मग तोच बांध पुन्हा उंच करायचं काम निघालं. २०२० च्या जनगणनेत गावात ८९० माणसं होती, म्हणजे माणशी खर्च वाढला, पण नियम मोडला असं कोणी म्हणू शकणार नाही.

तरीपण तुमची बायको 'विमा घेऊया ना' म्हणून मागेच लागली तर ऐका, पण घाई नको. आकाशात ढग दिसले की घ्या, उगाच आधीपासून हप्ते कशाला भरायचे. एक बारीकसा मुद्दा आहे, सरकारी पूर विमा घेतल्यापासून लागू व्हायला ३० दिवस लागतात (नवीन कर्जासोबत घेतला तर सूट असते म्हणे, पण तेव्हा तर तुम्ही ग्रिल घेत होतात). आणि २०१९ ला काय झालं, १३-१४ मार्चला बॉम्ब सायक्लोन, म्हणजे झपाट्याने जोर धरणारं वादळ आलं, जमीन गोठलेली, वर बर्फ, त्यावर पाऊस, मुरायला जागाच नाही, १४ तारखेला नेब्रास्कात मिसुरीला मिळणाऱ्या नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं, आणि पुढच्या काही दिवसांत खालच्या लेव्ह्या एकापाठोपाठ एक फुटत गेल्या. त्यामुळे नदीला फोन करून तेवढी महिनाभराची मुदत मागून घ्या.

नेहमीचा घराचा विमा आहेच की आमचा, असं म्हणणारे पण भेटतात. आहे ना! आग, गारा, वादळ सगळं आहे त्यात, फक्त पूर नाही. वेगळा सरकारी विमा घेतलात तर घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००, आणि सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, घराबरोबर ते फुकट चिकटून येत नाही. घर सुकेपर्यंत हॉटेलात राहिलात तर ते बिल तुमचं. आता खरी मजा बेसमेंटची. मिडवेस्टात सगळे जण बेसमेंटमध्ये कार्पेट टाकतात, होम थिएटर लावतात, आपण तर देव्हारा आणि पाहुण्यांची खोलीपण तिथेच करतो. तर विम्यात बेसमेंटमधलं घर तापवायचं फर्नेस, वॉटर हीटर असलं काय काय चालतं, सामानात वॉशर-ड्रायर चालतात, डीप फ्रीजर चालतो आणि त्यातलं अन्नसुद्धा चालतं, पण साधा फ्रिज यादीत नाही. कार्पेट नाही, सोफा नाही, थिएटर नाही. म्हणजे गोठवलेलं मटण सुरक्षित आणि देव्हारा रामभरोसे. मी तर म्हणतो सगळं घरच फ्रीजरमध्ये ठेवा.

शिवाय पाणी कसं आलं यालाही महत्त्व आहे. विम्याच्या भाषेत पूर म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या दोन एकर किंवा जास्त जमिनीवर पाणी पसरलं पाहिजे, नाहीतर किमान दोन मालमत्तांमध्ये शिरलं पाहिजे. आजूबाजूला कुठेच पूर नाही आणि नुसतं जमिनीतून झिरपून एकट्या तुमच्या बेसमेंटमध्ये आलं, तर तो पूर नव्हे, तो तुमचा खाजगी प्रश्न. म्हणून पाण्याला दारातच बजावायचं, एकटं येऊ नकोस, शेजाऱ्यालाही घेऊन ये. शेजारी अर्धा मैल लांब आहे ही अडचण आहे खरी, पण तुमची जागा बरोब्बर दोन एकर आहे, तेवढं एक बरं झालं.

शेतकरी मित्र असेल तर त्याला सांगा, मका-सोयाबीन बिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या कणगीत भरून ठेव, भाव येईल तेव्हा विक. २०१९ ला तेच झालं होतं, आदल्या वर्षी चीनबरोबर टॅरिफचं भांडण, सोयाबीनचे भाव पडलेले, माल तसाच पडून, आणि पाणी शिरल्यावर दाणे असे फुगले की पत्र्याच्या कणग्या उसवल्या. पुराचं पाणी लागलेलं धान्य विकता येत नाही आणि पीकविमा तर शेतात उभ्या पिकाचा असतो, बिनमधल्या धान्याचा नाही. वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी मदतीचा कायदा व्हायला जून उजाडला.

हो, आणि सरकार बघून घेईल हा आपला हक्काचा भरवसा आहेच. २०१९ ला फेमाची घरामागे थेट मदत जास्तीत जास्त ३४,९०० डॉलर होती, लक्षात घ्या, जास्तीत जास्त. पुढे लागले तर सरकारी कर्ज मिळतं, म्हणजे घराचे हप्ते आणि वाहून गेलेल्या घराचे हप्ते असे दोन्ही फेडायचं समाधान.

खापर कोणावर फोडायचं हे मात्र आधीच ठरवून ठेवा, नंतर गडबड होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आत्याचा फोन होता, तिकडे कोयना की अलमट्टी यावर घराघरात भांडणं, मला म्हणाली, 'अरे, तुमच्याकडे पण आहे का रे अलमट्टी?' आहे की आत्या! आमच्याकडे गॅव्हिन्स पॉइंट आहे आणि कोअर आहे. प्लॅट आणि एल्कहॉर्न नद्यांचं पाणी गॅव्हिन्स पॉइंटच्या खाली येऊन मिळतं, ते वरच्या सहा धरणांपैकी एकालाही अडवता येत नाही, पण हे बारीक तपशील भांडताना आडवे येतात, तेव्हा सोडून द्या.

अगदीच वाईट वेळ आली तर उत्तरेला शेजारच्या मिल्स काउंटीत पॅसिफिक जंक्शन बघून या. २०१० ला लोकसंख्या ४७१, २०२० ला ९६. पुरानंतर सरकारी पैशातून घरं विकत घेतली आणि पाडली, आणि त्या प्लॉटवर आता पुन्हा घर बांधता येत नाही, कायम मोकळे ठेवायचे. त्यांचा टॅक्स गावाला येत नाही, गवत मात्र वाढतच राहतं आणि ते गावालाच कापावं लागतं. तुम्ही दोन एकरासाठी रायडिंग मोवर घेणारच असाल, तर चांगल्यातला घ्या. फक्त कोठारात ठेवू नका, वर टेकडीवर कोणाची ओळख काढून तिकडे ठेवा, नंतर लागेल.