अथेन्समधील रौप्यपदक ट्रॅपचे नव्हते

राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ट्रॅप नेमबाजीत रौप्यपदक मिळवले, असा मजकूर सध्या फिरत आहे. पदक खरे आहे, प्रकार मात्र चुकीचा सांगितला जातो. ते पदक डबल ट्रॅपचे होते. त्यात राठोड यांनी २०० पैकी १७९ तबकड्या फोडल्या आणि संयुक्त अरब अमिरातीच्या अहमद अल मक्तूम यांनी १८९ तबकड्या फोडून सुवर्णपदक पटकावले.

दोन्ही प्रकार शॉटगननेच खेळले जात असल्याने हा गोंधळ समजण्याजोगा आहे. खेळ मात्र निराळा आहे. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत नेमबाजाने आवाज देताच समोरच्या खंदकातून एकच तबकडी उडते, ती डावीकडे, उजवीकडे की सरळ जाणार हे त्याला ठाऊक नसते आणि तिच्यावर दोन गोळ्या झाडण्याची मुभा असते. डबल ट्रॅपमध्ये दोन तबकड्या एकदम उडतात, त्यांची दिशा आधी ठरलेली असते आणि प्रत्येकीसाठी एकच गोळी मिळते, म्हणजे चुकलेला नेम सावरायला दुसरी संधीच नाही.

१९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये आलेला डबल ट्रॅप रिओ २०१६ नंतर वगळण्यात आला. पॅरिस २०२४ पर्यंत ट्रॅपमध्ये भारताला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र कायनन चेनाई, झोरावरसिंग संधू आणि पृथ्वीराज तोंडाइमान यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांघिक सुवर्ण जिंकले आणि चेनाई यांनी वैयक्तिक कांस्यपदकही मिळवले. ती दोन्ही पदके ट्रॅपचीच आहेत.