एकोप्याचं सुशोभीकरण

कॉलनीच्या ले-आउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सुटलीय आणि तिथं सगळ्या जातिधर्माची माणसं एकत्र बसावीत, असं तुमच्या मनात आलंय? उत्तम. होऊन जाईल. माणसं तेवढी लांब ठेवायची.

आधी तिथला लिंब तोडा. फुकट सावली असली की कुणीही येऊन टेकतं. त्याजागी सिमेंटचे गट्टू बसवा. मे महिन्यात 42 अंशाला गट्टूंवर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे खर्च कुठं गेला ते कळेल. मग ग्रिल, गेट, गेटला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष पुण्याला लेकाकडे.

बाकडी टाकाच, पण भिंतीकडे तोंड करून. तोंडं समोरासमोर आली की माणसं बोलायला लागतात. पाठीवर 'अमुक साहेबांच्या निधीतून' इतकं ठळक रंगवा की टेकणाऱ्याच्या शर्टावर उमटलं पाहिजे. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थानं 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावले आणि शोध लावला, की जिथं बसायला जागा असते तिथं माणसं बसतात. आमच्या पारावर विचारलं असतं तर एका बिडीत काम झालं असतं.

लातूरची गंजगोलाई मात्र चुकूनही बघायला जाऊ नका. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात, मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती बाजार. बांगड्यांच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या बाईला समोरच्याचं आडनाव विचारायची फुरसत होत नाही. असली चूक आपल्याला परवडायची नाही. आपण जागेचे तुकडे पाडू: एका कोपऱ्यात यांचा सभामंडप, दुसऱ्यात त्यांचा, उरलेल्या पट्ट्यात ओपन जिम.

आणि पाण्याचं बघा. हंड्यांच्या रांगेत नंबर विचारतात, जात नाही. फार वाईट सवय. मार्च 2016मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लावलं होतं, भांडणं होऊ नयेत म्हणून. आपल्याला गप्पांचीही धास्ती आहे.

आमच्या कॉलनीत हे सगळं यथासांग पार पडलं. परवा टँकर आला, गेट अर्थातच बंद. मावशी आणि समोरच्या खाला ग्रिलबाहेरच कोनशिलेच्या चबुतऱ्यावर बसल्या. एक दुसरीच्या हंड्यावर लक्ष ठेवत होती, दुसरी घरून दोघींचा चहा घेऊन आली. चबुतऱ्यावर काचा रोवायच्या राहून गेल्यात. तुमच्याकडे तेवढं विसरू नका.