ओढणारा कुत्रा तुमची गादी बळकवायला निघालेला नसतो

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या, मग मावसभावाकडून "खास बंड्यासाठी" असं लिहून, आणि शेवटी चक्क आमच्या दूधवाल्याकडून. वर छाती काढून उभ्या रॉटवायलरचा फोटो आणि खाली आठ-दहा ओळी. मजकूर थोडक्यात असा: दांडगा कुत्रा फिरायला नेताना ओढतो, कारण त्याला घरातला 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायचं असतं. त्याला पुढे चालू देऊ नका, दारातून आधी तुम्ही निघा, आधी तुम्ही जेवा. काट्यांचा पट्टा लावा. त्याने दुखत नाही, आई पिल्लाची मान धरते तसंच ते असतं. हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) घालू नका, त्याने जास्त ओढतो. खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच, ती छोट्या कुत्र्यांना चालते. आणि पळवून पळवून दमवलात तर प्रश्नच मिटला.

बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॉडोर, वजन ३४ किलो. मी ५६ किलोंची. तो दीड वर्षाचा असताना त्याने मला गेटपासून समोरच्या अंडाबुर्जीच्या गाडीपर्यंत असं काही नेलं, की माझं मनगट तीन आठवडे क्रेप बँडेजमध्ये होतं. (लीश, म्हणजे त्याला फिरवायची दोरी, हाताला गुंडाळून धरली होती. तसं कधीही करू नका.) त्यामुळे असले मेसेज लोक पुढे का ढकलतात हे मला नीट कळतं. हात ठणकत असला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मीही ठेवला होता.

आधी ते अल्फाचं बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे.

या कल्पनेचं मूळ १९४७ सालच्या एका अभ्यासात सापडतं. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात, कुंपणात कोंडलेल्या लांडग्यांमधली वरचढपणाची भांडणं टिपली होती. चौथ्या सीटसाठी लोकलमध्ये होणारी भांडणं बघून मराठी घरात कर्ता कोण ते ठरवावं, तसा हा प्रकार. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' हा शब्द सगळीकडे पसरला. पण त्याच मेक यांनी नंतर कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर रानातल्या लांडग्यांच्या शेजारी कितीतरी उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहून टाकलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. पोरं मोठी झाली की आपापलं बिऱ्हाड थाटतात. मारामारी करून गादी मिळवण्याचा तिथे विषयच नसतो. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून मेक स्वतः प्रकाशकाच्या मागे लागले होते, आणि ते बंद व्हायला २०२२ उजाडलं. आमच्या दूधवाल्यापर्यंत ही बातमी यायला अजून थोडा वेळ लागेल असं दिसतं.

बरं, हे सगळं लांडग्यांचं झालं. बंड्या लांडगा नाही. तो सोफ्यावर उताणा झोपतो.

मग तो ओढतो का? पहिली गोष्ट, त्याची सहज चाल आपल्या चालीपेक्षा भरभर असते. आपल्या बाजूने रमतगमत चालणं त्याच्या पायांना मुळात अवघड. शिवाय काही जातींना ओढण्यासाठीच वाढवलंय. फॉरवर्डवर ज्या रॉटवायलरचा फोटो आहे, त्याचे पूर्वज जर्मनीतल्या रॉटवाइल गावात खाटकांच्या गाड्या ओढायचे. हस्की तर बर्फावरच्या घसरगाड्यांनाच जुंपलेला. अशा कुत्र्याने ओढलं तर तो बंड करतोय की खानदानी धंदा चालवतोय?

पण खरं कारण दुसरंच आहे आणि ते फार साधं आहे. ओढलं की काम होतं. बंड्याला समोरच्या खांबाचा वास घ्यायचाय. तो लीश ताणतो. मी मागून चार पावलं फरफटत जाते. खांब मिळतो. म्हणजे ओढण्याची मजुरी मीच त्याला रोखीत चुकती केली. दिवसाला दोन फेऱ्या, फेरीला पन्नास खांब, झुडपं आणि स्कूटरची टायरं. वर्षभरात किती वेळा मजुरी मिळाली ते काढा. त्यात मी कधी ठाम उभी राहायचे, कधी "जाऊ दे, उशीर होतोय" म्हणून मागून जायचे. त्याने तर ओढणं आणखी पक्कं होतं. मटका खेळणारा रोज हरतो म्हणून थांबतो का? मधूनच एकदा आकडा लागतो ना, म्हणून चिकटून राहतो. गुंडाळी होणारी लांब दोरीची लीश तर हेच शिकवते: जरा ताण दिला की दोरी सुटते.

दारातून आधी निघणं आणि आधी जेवणं यावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. बंड्या आमच्या आधी जेवतो, कारण आम्ही ताटावर बसल्यावर त्याने गुडघ्यावर लाळ गाळू नये. दारात आणि लिफ्टपाशी तो थांबतो, कारण बाहेरून कुणाची स्कूटर येत असते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००८ मध्येच वरचढपणाच्या सिद्धांतावर कुत्र्यांचं शिक्षण बेतू नका असं निवेदन काढलं होतं.

आता काट्यांचा पट्टा. इथे मी गप्प बसू शकत नाही, कारण मी तो वापरलाय.

मनगटाच्या प्रकरणानंतर घरी एक ट्रेनर आला. त्याने बंड्याच्या मानेवर स्टीलचा, आतून बोथट दाते असलेला पट्टा चढवला, दोन झटके दिले आणि बंड्या शहाण्यासारखा चालायला लागला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या पट्ट्याने ओढणं कमी होतं हे मी नाकारत नाही. होतं, आणि लगेच होतं, म्हणून तर तो खपतो. पण बी विंगमध्ये एक गोल्डन रिट्रीव्हर आहे, बंड्याचा जिवाभावाचा दोस्त. तो दिसला की बंड्या आनंदाने झेप घ्यायचा, आणि झेप घेतली की मानेत दाते रुतायचे. दोस्त दिसला, दुखलं. दोस्त दिसला, दुखलं. महिन्याभरात बंड्या त्याला लांबूनच बघून गुरगुरायला लागला. ट्रेनर म्हणाला, बघा, वरचढपणा करतोय, झटका जोरात द्या. बंड्याच्या डोक्यातला हिशोब मात्र सरळ होता: हा आला की मान दुखते, तेव्हा ह्याला जवळ येऊच द्यायचा नाही. दुखण्याचं खापर कुत्रा स्वतःच्या ओढण्यावर फोडेल की समोर दिसणाऱ्या गोष्टीवर, हे आपल्या हातात नसतं. आणि तो पट्टा काढून साधा घातला की स्वारी पुन्हा अंडाबुर्जीकडे. म्हणजे तो शिकला काय, तर कुठल्या दिवशी कुठला पट्टा आहे ते.

"आई पिल्लाची मान धरते" हे ऐकायला गोड आहे. कुत्री पिल्लाला मानेला धरते ती एवढंसं असताना, उचलून न्यायला. दीड वर्षाच्या घोड्याला कुठलीही आई असं धरत नाही. आणि मान जाड दिसली तरी आत श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे, रक्तवाहिन्या आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या पट्ट्याने ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला. हार्नेसने ओढताना तसं झालं नाही. २०२० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मानेची प्रतिकृती करून तिच्यावर वेगवेगळे पट्टे ताणून पाहिले. एकही पट्टा असा निघाला नाही की ओढल्यावर इजेचा धोका राहणार नाही, गादी लावलेलेसुद्धा नाहीत. साध्या पट्ट्याची ही कथा, तर दात्यांच्या पट्ट्याचं काय बोलायचं? जर्मनीने २०२२ पासून शिकवताना असे पट्टे वापरायला बंदी केली आहे.

पोर्तुगालमधला २०२० चा अभ्यास मला सगळ्यात जास्त लागला. झटके-धाकाने शिकवणारे वर्ग आणि खाऊ-कौतुकाने शिकवणारे वर्ग, अशा दोन्हींतली मिळून ९२ घरगुती कुत्री. एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे त्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधेच कुठेतरी ठेवला. खाऊ-कौतुकवाली त्याच्याकडे लगबगीने गेली; धाकात शिकलेली रेंगाळत गेली, जणू असणारच नाही काही. लाळेतल्या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाणही वर्गानंतर त्यांच्यात जास्त वाढलं होतं. कोणता वर्ग निवडायचा हे मालकांनीच ठरवलं होतं, त्यामुळे तो अभ्यास शेवटचा शब्द नव्हे. पण ती रेंगाळणारी चाल मी घरात पाहिली होती.

हार्नेसच्या बाबतीत मात्र फॉरवर्ड निम्मं बरोबर आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी गळ्याच्या पट्ट्यापेक्षा छातीच्या हार्नेसमध्ये जास्त जोर लावला. त्यात नवल नाही. आपल्याकडे बैलाला जू खांद्यावर देतात आणि वेसण नाकात घालतात. जोर कुठून लागतो आणि लगाम कुठे बसतो हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पाठीवर कडी असलेला हार्नेस म्हणजे कुत्र्याला दिलेलं आरामशीर जू. पण छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेले हार्नेस मिळतात. तिथे लीश अडकवली की जोर लावताच कुत्रा आपसूक तुमच्या बाजूला वळतो आणि त्या ओढण्यात मजा राहत नाही. खांद्याच्या सांध्यावरून आडवी पट्टी जाणारा घेऊ नका, पाय मोकळा पडत नाही. समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा बघा. आणि घरात कारवानी (आपल्याकडची शिकारी जात) असेल तर साध्या पट्ट्याच्या भरवशावर राहूच नका: निमुळतं डोकं, ससा दिसला की मान मागे घेऊन सुळकन बाहेर. एवढं करून हार्नेस काही शिकवत नाही. शिकवून होईपर्यंत तुमचं मनगट आणि त्याची मान वाचवतो, इतकंच.

राहता राहिली 'लाच'. मजुरी तर तो आधीपासून घेतोच आहे, खांबाकडून. वाद फक्त पैसे कोण देणार आणि कशाचे, एवढाच. मोठ्या कुत्र्याला खाऊ लागू पडत नाही, हे लॅब्रॉडोर पाळणाऱ्याला सांगणं तर विनोदच. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला सापडला, आणि ही मंडळी खाण्यासाठी जास्त जीव टाकतात. आमचा त्या चारातला तो एक असावा.

मी केलं ते असं. उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, कमरेच्या बटव्यात. तेवढं त्याच्या जेवणातून वजा. आधी चार दिवस घरातच, मग रात्री साडेदहानंतर रिकाम्या पार्किंगमध्ये. लीश सैल आहे तोवर चालायचं आणि दर दोन-तीन पावलांना एक तुकडा, माझ्या सलवारीच्या शिवणीपाशी, पुढे हात करून नाही. पुढे दिला की तो पुढेच चालतो. लीश ताणली की मी खांब. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तो मागे वळून बघेपर्यंत, लीश खाली पोटासारखी लोंबेपर्यंत. मग पुन्हा चाल. आणि मोठं बक्षीस कलेजी नव्हेच: सैल लीशने पोचलास तर खांब तुझा, हवा तेवढा वेळ हुंग. पहिल्या रात्री लिफ्टपासून गेटपर्यंतच्या साठ पावलांना पंचवीस मिनिटं लागली. वॉचमन बॅटरी घेऊन आला, "मॅडम, काही हरवलंय का?"

तीन महिने लागले. घरातल्या सगळ्यांनी तसंच चालवायला हवं होतं, आणि नवरा पहिला महिनाभर गपचूप फरफटत जात होता हे मला नंतर कळलं. घाईच्या सकाळी शिकवणी नसायची. त्या वेळी हार्नेसची कडी पाठीवर, शिकायच्या वेळी छातीवर. कुठल्या कडीला कुठला नियम, हे त्याला आठवड्यात कळलं.

दमवण्याचं म्हणाल तर रोज पाच किलोमीटर पळवलेला कुत्रा दमत नाही, पैलवान होतो आणि मग जास्त जोरात ओढतो. पुण्याच्या मे महिन्यात तर ते सरळसरळ धोक्याचं. तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. बंड्या वीस मिनिटं मनसोक्त हुंगून आला की पळण्यापेक्षा गाढ झोपतो.

हे सगळं मी मावसभावाला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं: "म्हणजे आता अजिबात ओढत नाही?" ओढतो. मांजर दिसलं की ओढतोच. परवाही पार्किंगमध्ये अशीच खांब होऊन उभी होते, मांजर गाडीखाली आणि बंड्या लीशच्या टोकाला. नवीन वॉचमन लागलाय आमच्याकडे. तो बॅटरी पाडत जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, काही हरवलंय का?"