मशीन अंगठा घेत नाही

रेशन दुकान असो, बँक मित्र असो की सेतू केंद्र, "मशीन अंगठा घेत नाही" हे वाक्य रोज कुणाला तरी ऐकावं लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं दोष आपल्याच हातात आहे. रिकामी पिशवी घडी करून तो घरी जातो आणि चार दिवसांनी पुन्हा मजुरी बुडवून रांगेत उभा राहतो. जुन्या पद्धतीत वही, सही आणि दुकानदाराची लबाडी होती, हे मान्य. खोट्या नावांवर उचललं जाणारं धान्य मशीनमुळे आटलं, हेही मान्य. पण मशीन चुकलं की भुर्दंड दरवेळी समोरच्या माणसालाच का?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या सुमारास ज्याने चाळिशीत ठसे दिले, तो आज पंचावन्नचा आहे. मधली वर्षं त्याने विटा उचलल्या, ऊस तोडला, सिमेंट कालवलं. बोटावरच्या रेषा जिथे संपतात आणि जिथे फाटे फुटतात, ते बिंदू मशीन शोधतं आणि नोंदणीच्या वेळच्या बिंदूंशी ताडून पाहतं. रेषा झिजल्या की बिंदूच उरत नाहीत. ओलं सिमेंट अल्कलीयुक्त असल्याने कातडीचा वरचा थर खातं. भांड्यांची पावडर, सोडा, चुना हळूहळू तेच करतात. म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल पडते. काचेवर प्रकाश पाडून ठसा टिपणाऱ्या मशीनला रेषा काचेला नीट टेकलेली लागते. कोरडं बोट टेकलं की सलग रेषेऐवजी तुटक ठिपके उमटतात, आणि घामट बोट टेकलं की रेषांमधल्या खाचा भरून सगळा डाग होतो. म्हणजे ज्यांना रेशनची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमके त्यांचेच हात या मशीनला नकोसे.

तरी बरेचदा काम निघतं, फक्त घाई करायची नाही. हात साबण आणि कोमट पाण्याने धुवा, पुसा, दोन मिनिटं थांबा. कातडी फुटलेली असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून सुती कापडाने पूर्ण टिपून घ्या. तेलकट बोट काचेवर ठेवलं तर पुढच्या माणसाचाही ठसा जातो. काच आधी मऊ कोरड्या फडक्याने पुसायला सांगा, दिवसभरातल्या शंभर बोटांचा मळ तिच्यावर असतो. मशीनवर थेट ऊन पडत असेल तर ते सावलीत घ्यायला लावा. बोटाचं टोक टेकवू नका. पेराचा मधला भाग, जिथे भोवरा असतो, तो काचेच्या मध्यावर सपाट यायला हवा. दाब मध्यमच ठेवा. जोरात दाबलं की रेषा पसरून एकमेकींना चिकटतात, आणि दुकानदार नेमकं तेच करतो, म्हातारीचा अंगठा धरून दाबत बसतो. मुळात अंगठ्याचाच हट्ट कशाला? आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात कमी झिजतो. अनामिकाही टेकवून बघा.

एवढं करूनही नकार आला तर "होत नाही" यावर थांबू नका. पडद्यावरचा आकडा वाचायला सांगा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. मग दुसरं बोट, डोळा किंवा चेहरा वापरून बघता येतं. ८११ म्हणजे मूळ नोंदीतच बायोमेट्रिक, म्हणजे ठसे किंवा बुबुळांची नोंद, नाही. तिथे शंभर वेळा बोट टेकवून काहीही होणार नाही, आधार केंद्रात जाऊन अपडेटच करावं लागतं. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त भेटतो. ठशांवरून खात्यातले पैसे उडाल्याच्या बातम्या आल्या की घरातला कुणी मुलगा सगळ्यांचं आधार लॉक करून ठेवतो (शहाणपणाचंच आहे ते), आणि आजीला सांगायला विसरतो. नेटवर्क नसणं आणि सर्व्हर बंद असणं या वेगळ्याच गोष्टी आहेत, त्यांचा तुमच्या बोटाशी काहीही संबंध नाही. पण काउंटरवर या सगळ्या कारणांसाठी एकच वाक्य तयार असतं.

मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. पर्यायी वाट नियमात आहे, काउंटरवर नाही. आधार प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात क्रम दिलेला आहे: इतर बोटं, डोळ्याची बुबुळं, मोबाइलवरचा ओटीपी, आणि यातलं काहीच जमलं नाही तर अपवाद नोंदवहीत नोंद करून लाभ द्यायचा. म्हणजे वही गेलेली नाही, ती फक्त ड्रॉवरमध्ये गेली आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही प्रमाणीकरण फसल्यामुळे पात्र माणूस वंचित राहू नये, ही बाब नोंदवली आहे. दुकानदार मात्र वहीला घाबरतो, कारण वहीत नोंद केली की तपासणीत प्रश्न त्याला विचारले जातात. नकार दिला तर त्याला कुणीच काही विचारत नाही. रेशनवर महिन्याला प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, सगळ्यात गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य. महिना संपला की त्या महिन्याचं धान्य गेलं ते गेलं.

ओटीपी हा उपाय म्हणून सांगितला जातो, पण तो मोबाइल जोडलेला असेल तरच. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर, मुलाच्या नावावरचा नंबर, आधार काढताना केंद्रवाल्याने स्वतःचाच टाकून दिलेला नंबर, काहीही निघतं. चेहऱ्यावरून घरबसल्या रेशनची केवायसी होते हे खरं, पण त्या ॲपमध्येही आधी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत. 'लाडकी बहीण' योजनेच्या केवायसीत तर बाईसोबत पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला. नवरा वारलेला, वडील आधीच गेलेले, अशा बाईने कुणाचा ओटीपी द्यायचा, हा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्याला आधी सुचला नाही. कागदपत्रांची सोय नंतर करावी लागली.

पेन्शनवाल्यांचं थोडक्यात सांगतो. डिजिटल हयातीचा दाखला १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे आणि तो चांगलाच आहे, पण सक्तीचा नाही. बँकेत स्वतः जाऊन कागदावरचा दाखला देता येतो. राज्य सरकारच्या निवृत्तांची यादी तर कोषागाराकडून बँकेत येतेच, त्यात आपल्या नावासमोर सही करायची. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमनला घरी बोलावता येतं. ऑनलाइन केलं असेल तर प्रमाण क्रमांक मिळाल्यावरही स्थिती तपासा. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक किंवा पेन्शन देणारी संस्था चुकीची निवडली गेली तर ठसा जुळूनही दाखला नंतर नाकारला जातो, आणि हे कळतं पैसे न आल्यावर. पीएफच्या पेन्शनचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना उभं करायचं काही कारण नाही.

घरात वयस्कर माणूस असेल तर या आठवड्यात त्यांचा मोबाइल आधारला जोडलेला आहे का ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून प्रमाणीकरणाचा इतिहास उघडा. मागच्या सहा महिन्यांत कुठे ठसा दिला, कधी फसला, कोणत्या आकड्याने फसला, सगळं दिसतं. त्याची प्रिंट काढून रेशन कार्डात ठेवा. दुकानात नकार आला की तो कागद पुढे करा, अपवाद नोंदवही मागा, आणि ती निघेना तर दुकानदारासमोरच रेशनच्या तक्रारींचा नंबर १९६७ लावा. फोन स्पीकरवर ठेवा.